क्लचवरची दोन बोटं

आमच्या गॅरेजमध्ये एक नियम होता. गाडी ट्रायलला न्यायची तर क्लचवर बोटं ठेवायची नाहीत.

ज्याला मोटारसायकलीतलं काही कळत नाही त्याच्यासाठी सांगते. डाव्या मुठीपुढे क्लचची दांडी असते. ती दाबली की इंजिनाचा आणि मागच्या चाकाचा संबंध तुटतो. इंजिन भर वेगात पकडलं, म्हणजे आतला पिस्टन तापून फुगला आणि सिलेंडरला चिकटला, तर मागचं चाक तिथल्या तिथे जाम होतं आणि वरचा माणूस फेकला जातो. दांडीवर दोन बोटं टेकलेली असली तर इंजिनाचा सूर बदलताच ती दाबली जातात, चाक मोकळं होतं आणि माणूस संध्याकाळी घरी जेवायला येतो. जगात कुठेही शहाणा माणूस शर्यतीच्या गाडीची ट्रायल अशीच घेतो. आमच्याकडे तो अपमान होता.

"बोटं ठेवलीस म्हणजे माझ्या हातावर तुझा भरवसा नाही," असं माझा सासरा म्हणायचा. "मग दुसऱ्या कुणाकडून ट्यून करून घे."

बाजारात त्याला वस्ताद म्हणत. तोंडावर मी त्याला बाबा म्हणायचे, अहो-जाहो करायचे, डोक्यावर पदर तेवढा घेतला नाही. इथे अहो-जाहो करणार नाही.

वस्तादाचा एकुलता एक मुलगा म्हणजे माझा नवरा. त्याला सगळे भोंगा म्हणायचे. लहानपणी तो पाळण्यात पडल्यापडल्या तोंडाने सायलेन्सरचे आवाज काढायचा म्हणे. मोठा झाला तरी खोड गेली नाही. भाजी चिरताना मी विचारायचे, आज कुठली गाडी आली होती, तर हा नाव सांगायचा नाही, आवाज काढून दाखवायचा. मला एकही आवाज ओळखता यायचा नाही. पण तो काढताना त्याचे गाल असे फुगायचे की मी दुसऱ्यांदा विचारायचे.

तर वस्तादाची एक गाडी होती. जुनी, दोन सिलेंडरची, तरुणपणी तो तिच्यावर शर्यती मारायचा. पुढे ती गॅरेजच्या मागच्या भिंतीला ताडपत्रीखाली पडून राहिली. मग कुठल्याशा भंगारातून त्याला शर्यतीच्या कार्बोरेटरची जोडी मिळाली आणि म्हाताऱ्याच्या अंगात आलं. जुन्या गाड्यांची शर्यत भरणार होती. त्यात गाडी त्याची, हात त्याचा आणि वर भोंगा.

ते कार्बोरेटर मी पाहिलेत, हाताळलेत, त्यांना शिव्याही घातल्यात. साध्या गाडीचा कार्बोरेटर समजूतदार असतो. गाडी उभी असली तरी इंजिन हळूहळू चालू ठेवतो. ह्या जोडीला थांबणं माहीतच नाही. तोंडावर जाळी नाही, फिल्टर नाही, नुसते पितळी कर्णे. दोघांच्या मध्ये पेट्रोलची एक डबी रबरावर लोंबकळत असते. गाडी उभी राहिली की इंजिन बंद. चालू करायची तर मागून धक्का मारत पळायचं. नवरा वर बसायचा आणि धक्का मारायला बायको. आमच्या संसाराचं चित्र काढायचं तर कुणी हेच काढावं.

कार्बोरेटरच्या पोटात जेट असतं. पितळेचा बारीक तुकडा, मधोमध भोक. भोक मोठं तर पेट्रोल जास्त, भोक लहान तर पेट्रोल कमी. कुठलं भोक बरोबर हे पुस्तक सांगत नाही, प्लग सांगतो. गाडी टॉप गिअरमध्ये पूर्ण पिळायची, मग त्याच वेगात एकदम इंजिन बंद करून क्लच दाबायचा आणि गाडी नुसती घरंगळू द्यायची. थांबली की प्लग खोलायचा. प्लगच्या टोकाशी चिनी मातीचं एक नाक असतं, त्याचा रंग बघायचा. वस्तादाची त्यावर एक शिकवण होती, ती बाजारातल्या सगळ्या मेकॅनिकांना पाठ होती. काळा प्लग म्हणजे अजीर्ण. पांढरा प्लग म्हणजे उपास. बदामी प्लग म्हणजे जेवण अंगी लागलं. अजीर्णाने गाडी मरत नाही, नुसती ढेकर देते. उपासाने मरते. पेट्रोल कमी पडलं की आतली आग भडकते आणि पिस्टन वितळतो.

आणि त्याचा आणखी एक नियम होता. जो गाडी चालवतो त्याने प्लग बघायचा नाही. त्याने फक्त कानाला काय ऐकू आलं, बुडाला काय जाणवलं तेवढं सांगायचं. प्लग बघितला की माणूस प्लगसारखं बोलायला लागतो, असं त्याचं म्हणणं. कान भोंग्याचे, डोळे वस्तादाचे. नियम वाईट नव्हता. डोळे चांगले होते तोवर नव्हता.

आता धुण्याचं सांगते, कारण सगळं तिथूनच कळलं.

वर्षभर तरी वस्ताद सासूच्या मागे लागला होता की माझे शर्ट पिवळे का. तो पांढरा शर्ट घालायचा. हो, ग्रीसमध्ये काम करणारा माणूस आणि शर्ट पांढरा. त्याचीही त्याला घमेंड, की बघा, माझ्यावर डाग नाही. "हा काय रंग आहे? हळदीत बुडवून काढतेस का?" सासू म्हणायची, "पांढराच आहे हो." "मी आंधळा आहे का?" तिने साबण बदलला. मग नीळ घालायला लागली. थोडी घातली, तरी पिवळा. आणखी घातली, तरी पिवळट. शेवटी एक दिवस वस्तादाने शर्ट उजेडात धरला आणि म्हणाला, "आता कसा झाला. एवढे दिवस काय धाड भरली होती?"

तो शर्ट आकाशासारखा निळा होता. तो घालून माणूस बाजारात गेला. शेजारच्या पंक्चरवाल्याने भोंग्याला विचारलं, "तुझ्या बापाने वॉचमनची नोकरी धरली का रे?" सगळे हसले. भोंगाही हसला. संध्याकाळी मला सांगून पुन्हा हसला.

मी हसले नाही. मी गाड्यांच्या रंगाच्या दुकानात काम करते. ठोकलेल्या गाडीचा पत्रा आणतात, त्याच्यासारखा रंग मी बनवून देते. डब्यातला रंग आणि उन्हात चार पावसाळे काढलेला रंग कधीच एक नसतो. तो एक करणं हे माझं काम. पांढरा रंग पिवळा पडला असेल तर त्यात निळ्याचे थेंब घालतात. किती पिवळा आहे ते किती निळा लागला त्यावरून कळतं. सासूच्या बादलीतली नीळ बघितली आणि मला वस्तादाच्या डोळ्यात किती पिवळं साचलंय ते कळलं. डोळ्यांवर चहा सांडल्यासारखं जग बघत होता तो. मोतीबिंदू. पिकलेला.

मी सासूला म्हटलं, "आई, बाबांचे डोळे दाखवा. साधं ऑपरेशन असतं, माणूस संध्याकाळी घरी येतो."

सासू बादलीत हात घालून बसली होती. कोपरापर्यंत निळी. म्हणाली, "तू बोललीस ते माझ्यापाशी ठेव. ह्यांचा डोळा गेला म्हणून बाजारात कळलं तर ह्यांच्या दारात गाडी कोण लावेल? लोक डोळ्यासाठी येतात इथे. पाना तर कुणीही फिरवतो."

"आणि प्लग चुकला तर?"

"त्यांचं नाही चुकत," सासू म्हणाली आणि शर्ट पिळायला घेतला. इतका पिळला, जणू त्याने तिचं काही वाईट केलं होतं.

मग भोंग्याला सांगितलं. खोलीत, दार लावून. चारचौघांत मी त्याला अहो म्हणायचे, दार लावलं की तू.

"तुझ्या बापाला पांढरा बदामी दिसतो. बदामी काळा दिसतो. तो प्लग बघून म्हणणार, अजीर्ण झालंय, पेट्रोल कमी करा. करत जाणार, करत जाणार. उपाशी मारणार गाडीला. आणि तिच्यावर तू असणार."

तो पलंगावर बसून मोजे काढत होता. एक मोजा हातात तसाच राहिला.

"गाडी आत्ताच उपाशी वाटते," तो म्हणाला. "वरच्या वेगात सूर पातळ होतो. पत्र्यावर नख ओढल्यासारखा."

"मग सांगितलंस का?"

"सांगितलं. म्हणाले, तुझा कान बिघडला."

"गुपचूप मोठं जेट टाक."

"जेट ते स्वतः बसवतात. त्यावरचा नंबर नखाने वाचतात, दिसत नाही म्हणून." एवढं बोलून त्याने हातातला मोजा खाली टाकला. कारण ते वाक्य त्याने स्वतःच ऐकलं. दिसत नाही म्हणून. म्हणजे याला माहीत होतं. घरात सगळ्यांना माहीत होतं. एक बादलीत निळी होत होती, एक नखाने वाचणाऱ्याकडे बघून न बघितल्यासारखं करत होता. एका म्हाताऱ्याचा मान राहावा म्हणून सगळं घर डोळे मिटून बसलं होतं.

"त्यांना सांगायचं कुणी?" भोंगा म्हणाला.

"मी सांगते."

"तू सांगू नकोस. तू सांगितलंस तर ते माझ्याशी बोलणं टाकतील."

"टाकू देत की. बोलतात तरी काय? पाना दे, पाना घे."

तो हसला आणि तोंडाने पान्याचा आवाज काढला. विषय तिथे संपला. आमच्याकडे विषय असेच संपायचे.

ट्रायलच्या दिवशी मी कामाला दांडी मारून त्यांच्याबरोबर गेले. धक्का मारायला माणूस लागतोच, असं म्हटलं. पिशवीत पाण्याची बाटली, फडकी आणि दुकानातलं पांढऱ्या शेडचं एक कार्ड घेतलं होतं. कार्ड कशाला घेतलं ते मला पक्कं माहीत होतं.

शहराबाहेर एक बंद पडलेला सिमेंटचा कारखाना आहे. त्याच्या मागे काँक्रीटचा रस्ता, सरळ, पट्टीने आखल्यासारखा. दोन्ही बाजूला वाळलेलं गवत, पुढे एक मोडका दिव्याचा खांब. खांबाशी पोचलं की भोंग्याने इंजिन बंद करायचं. आम्ही दोघं खांबाच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला उभे. सकाळचं ऊन चांगलं वर आलं होतं. रंग बघायला त्याच्याइतका चांगला उजेड नाही.

पहिली फेरी झाली. गाडी आमच्यासमोरून गेली तेव्हा पायाखालचं काँक्रीट थरथरलं. खरं सांगते, त्या आवाजाने माझ्याही अंगावर काटा आला. वस्ताद डोळे मिटून ऐकत होता. त्याचे कान शाबूत होते. एक्सलेटर केसभर कमी पिळला तरी त्याला कळायचं.

भोंगा गाडी ढकलत परत आला. वस्तादाने प्लग खोलला, तळहातावर घेतला, नाकाशी नेला, लांब धरला. भोंगा नियमाप्रमाणे पाठ करून उभा.

"काय सांगतोस?"

"वर गेल्यावर अडखळते. कर्ण्यातून शिंकते."

"शिंकणारच. पोट गच्च आहे." म्हाताऱ्याने जेट बदललं. लहान घातलं.

दुसरी फेरी. परत तेच. सूर आणखी पातळ, आणि आता भोंग्याचा चेहराही. हेल्मेट काढलं तेव्हा ओठ सुकले होते. मी पाण्याची बाटली दिली.

"बाबा, इंजिन फार तापतंय. मांडीला चटका बसतो."

"मग मांडी लांब ठेव. बायकोसमोर नाजूक होऊ नकोस." पुन्हा प्लग. पुन्हा तळहात, पुन्हा लांब-जवळ. "बदामीत अजून काळपट झाक आहे. एक नंबर खाली जाऊ."

त्याने जेट बसवलं. नखाने नंबर वाचला, पिळलं, डबी लावली, नवे प्लग घातले. खोललेले दोन्ही प्लग फडक्यावर पडले होते. मी एक उचलला.

पांढरा. दुधासारखाही नाही, त्यात तरी साय असते. उकळत्या पाण्यात टाकून काढलेल्या हाडासारखा पांढरा. नाकावर बारीक चमकते मणी जमले होते. ते काय असतं ते मला नंतर दुसऱ्या एका मेकॅनिकाने सांगितलं. ते पिस्टनचं ॲल्युमिनियम होतं. वितळायला लागलं होतं.

"बाबा, हा पांढरा आहे," मी म्हटलं.

म्हाताऱ्याने मान वर केली नाही. "खाली ठेव तो."

"पांढरा आहे. उपास आहे हा."

"तू पत्रे रंगवतेस ना? मग पत्र्यांचं बघ. प्लगचा रंग डब्यातून येत नाही."

"रंग हा रंगच असतो, बाबा, डब्यातून येवो नाहीतर चुलीतून." मी पिशवीतून कार्ड काढलं आणि त्याच्या नाकासमोर धरलं. "ह्याचा कुठला?"

"काय पोरखेळ आहे?"

"सांगा ना. ह्याचा रंग कुठला?"

त्याने कार्ड घेतलं. उन्हात धरलं, लांब धरलं. मी प्लग त्याच्या शेजारी धरला.

"बदामी," तो म्हणाला.

भोंगा आमच्याकडे वळला होता. नियम मोडून तो बघत होता. पांढरं कार्ड, पांढरा प्लग, आणि त्याच्या बापाचं तोंड. वस्तादाला काहीतरी जाणवलं. कुणी तरी चुकतंय आणि ते कोण हे त्याला त्या क्षणी कळलं, हे मी कुठल्याही देवळात सांगायला तयार आहे. त्याची नजर कार्डावरून स्वतःच्या शर्टाच्या बाहीवर गेली. तिथे थांबली. आणि मग त्याने तोंड पुसल्यासारखं केलं आणि तो म्हातारा परत वस्ताद झाला.

"कार्ड जुनं झालंय," तो म्हणाला. "पिवळं पडलंय. घरात सगळंच पिवळं पडतं हल्ली, कपडे काय नि काय." मग भोंग्याकडे बघून, "हिचं ऐकायचं असेल तर सांग. आत्ताच्या आत्ता मोठं जेट घालतो आणि गाडी ताडपत्रीखाली टाकतो. परत हात लावणार नाही. तू सांग. कुणाच्या डोळ्यांनी चालायचं?"

माझा नवरा तेव्हा तिथे उभा होता, हातात हेल्मेट. मी त्याला ओळखत होते. त्याला भांडता यायचं नाही. लहानपणापासून त्याला एकच गोष्ट हवी होती, बापाने एकदा म्हणावं, बरं चालवलंस. म्हाताऱ्याने ते कधी म्हटलं नव्हतं. न म्हणण्यावरच त्याने पोराला आयुष्यभर पळवलं होतं.

"असू दे," भोंगा म्हणाला. "आहे तेच असू दे. एक फेरी मारतो."

मी त्याला बाजूला ओढलं. वस्तादासमोरच, तू म्हणत.

"तुला दिसलं ना?"

"दिसलं."

"मग?"

"ह्या वयात त्यांना खोटं पाडू? आज एक फेरी मारतो. संध्याकाळी मीच बोलतो, डॉक्टरकडे घेऊन जातो. इथे नको. तुझ्यासमोर नको."

"मग अर्धीच पिळ."

"त्यांना ऐकू येईल."

"तर मग क्लचवर बोटं ठेव. दोन बोटं. आवाज लपवता येत नाही, बोटं येतात. त्यांना एवढ्या लांबून कार्डाचा रंग दिसत नाही, बोटं काय दिसणार? ठेव. माझ्यासाठी ठेव."

त्याने माझ्याकडे बघितलं. हेल्मेट डोक्यात घातलं, त्यामुळे आवाज आतून आल्यासारखा आला. "ठेवतो."

"नक्की?"

"ठेवतो म्हटलं ना. चल, धक्का मार."

मी धक्का मारला. माझ्याच हातांनी. गाडी खोकली, शिंकली, आणि सुटली. लांब जाऊन वळला. वळणावर क्षणभर थांबल्यासारखा वाटला, मग तिकडून येताना आधी ठिपका, मग सूर. चढत गेला. वस्ताद डोळे मिटून उभा. मी डोळे फाडून. मला फक्त डावी मूठ बघायची होती.

आमच्यासमोरून गेला तेव्हा ऊन त्याच्या अंगावर होतं. काळा हातमोजा, डाव्या मुठीवर. चारही बोटं मुठीभोवती घट्ट. क्लचच्या दांडीवर ऊन चमकत होतं. नुसती दांडी, उघडी.

आणि लगेच सूर तुटला. तार तुटते तसा. मग टायरची किंकाळी, आणि खांबाच्या थोडं अलीकडे गाडी आडवी झाली, आणि तो गाडीपासून वेगळा होऊन खांबाकडे गेला. पुढचं मी लिहिणार नाही. खांब काँक्रीटचा होता.

मी पळाले. पोचले तेव्हा करायचं काही उरलं नव्हतं. हेल्मेटच्या आत त्याचे डोळे उघडे होते आणि ते कुठेही बघत नव्हते.

मागून वस्ताद आला. रस्ता पायाने चाचपत, टायरच्या काळ्या पट्ट्यावरून, आवाज जिथे संपला तिथपर्यंत. आधी त्याला गाडी लागली. तो वाकला. त्याचा हात इंजिनावर गेला. इंजिन तापलेलं, मांस भाजल्याचा वास आला तरी त्याने हात काढला नाही. आणि त्याने विचारलं, "कुठल्या बाजूचं पकडलं रे?"

उत्तर आलं नाही तेव्हा त्याने पुन्हा विचारलं. मग नावाने हाक मारली. पाळण्यातलं नाव, भोंगा नाही. मी त्या घरात आल्यापासून ते नाव त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

नंतरचे दिवस घरात माणसं यायची आणि जायची. सगळे एकच म्हणायचे, गाडी जुनी होती, यंत्रच ते, काय सांगता येतं. पंक्चरवाला आला, दारातच उभा राहिला आणि रडला. नशीब, असंही बरेच म्हणाले. मी प्रत्येकाला सांगितलं, नशीब नाही, जेट. सासू मला आत ओढायची. मी परत बाहेर यायचे आणि परत सांगायचे. बाजारात व्हायचं ते झालं. वस्तादाच्या दारात गाडी लागेनाशी झाली. सासूने वर्षभर नीळ घालून जे झाकलं होतं ते उघडं पडलं. तिला आता माझ्याशी बोलायचं नव्हतं आणि मलाही तिच्याशी.

वस्ताद गॅरेजमध्ये बाकावर बसून असायचा. पाना नाही, काही नाही. भाजलेल्या तळहातावर कातडी धरली, पण हात पूर्ण मिटेना. एके दिवशी मी त्याला म्हटलं, "उठा." तो उठला. कुठे, का, विचारलं नाही. डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. दया आली म्हणून नेलं असं कुणाला वाटत असेल तर त्याने इथेच वाचणं थांबवावं. त्याला दिसायला हवं होतं. त्याने बघायला हवं होतं.

साधं ऑपरेशन, आधी एका डोळ्याचं. संध्याकाळी घरी. दुसऱ्या दिवशी पट्टी काढायला गेलो, सासूही आली होती. डॉक्टरीणबाईने पट्टी सोडवली. वस्ताद समोरच्या भिंतीकडे बघत राहिला.

"भिंत एवढी पांढरी आहे?"

"सगळ्यांनाच पहिल्यांदा असं वाटतं," डॉक्टरीणबाई म्हणाली. तिला कौतुक होतं.

मग त्याने खाली बघितलं. स्वतःच्या अंगावर. बाही बोटांत धरली.

"हा निळा का?"

सासू म्हणाली, "तुम्हाला पांढरा दिसावा म्हणून."

घरी आल्यावर तो सरळ गॅरेजमध्ये गेला. मी मागून गेले. "प्लग कुठे आहेत?" त्याने विचारलं. मी ठेवले होते. भोंग्याच्या मोज्यात गुंडाळून, माझ्या कपाटात. आणून बाकावर ठेवले. खिडकीतून ऊन येत होतं.

त्याने मोजा सोडवला. एक प्लग तळहातावर घेतला. ह्यावेळी लांब-जवळ करावं लागलं नाही. बराच वेळ त्याने तो पाहिला, ते बारीक चमकते मणीही पाहिले. त्याला ते काय आहेत हे सांगायची गरज नव्हती. त्यानेच बाजाराला शिकवलं होतं. मग तो प्लग ठेवून दुसरा घेतला. तोही तसाच. तो बाकावर असा मांडला की दोन्ही शेजारी यावेत, टोकं एका रेषेत. सवय.

"एक विचारू?" म्हातारा म्हणाला.

"विचारा," मी म्हटलं.

"तू बघत होतीस. मी नव्हतो बघत, मी ऐकत होतो." "बोटं ठेवली होती का त्याने? क्लचवर?"

मी त्याच्याकडे बघितलं. नवा डोळा स्वच्छ होता, कडेने लाल. त्याला काय हवं होतं ते मला दिसलं. त्याला 'हो' हवं होतं. बोटं ठेवली होती, पण वेळेत दाबली गेली नाहीत. पोराने बापावर भरवसा ठेवला नव्हता, पोरगा शहाणा होता. आयुष्यभर ज्याला अपमान म्हटलं तो अपमान आज त्याला भीक म्हणून हवा होता. एका शब्दाचं काम होतं. सासू असती तर तिने तो दिला असता, वर नीळही घातली असती.

"नव्हती," मी म्हटलं. "मी ठेवायला सांगितलं होतं. ठेवतो म्हणाला होता. चारही बोटं मुठीवर होती."

त्याने मान हलवली. हळू, गाडी ट्यून करताना सूर ऐकून हलवायचा तशी.

"मला तिथून दिसलं नसतं," तो म्हणाला.

"नसतं दिसलं. त्याला माहीत होतं."

मी मोजा उचलला, झटकला आणि घेऊन आत गेले. प्लग त्याच्यापाशीच ठेवले.